आधी ओल, मग रंग

गणपती गेले, पितृपक्ष सरला की नाशिकमध्ये रंगारी मिळेनासा होतो. नवरात्राच्या आगेमागे घराघरांत कपाटे खोलीच्या मधोमध ओढली जातात आणि जुन्या चादरी फरशीवर पसरतात. हॉलच्या भिंतीसाठी शेडकार्डावरच्या तीन जवळजवळ सारख्या छटांवरून आठवडाभर वाद रंगतो. स्वयंपाकघराला धुता येईल असा रंग हवा, यावर एकमत असते. बाथरूमची पाळी शेवटी येते आणि तिचा निकाल एका वाक्यात लागतो: ‘तिथे काय, उरलेला मारून टाका.’

मग तो उरलेला रंग पुढच्या आषाढापर्यंत कसाबसा तग धरतो. आधी छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात, नंतर टाइल्सच्या वरच्या पट्ट्यात फुगे येतात आणि श्रावणात पोपडे बादलीत पडू लागतात. घरातले म्हणतात, बाथरूमला रंग टिकतच नाही. गवंडी म्हणतो, वरपर्यंत टाइल्स लावून टाका. दोघांचे म्हणणे इतक्या वेळा ऐकलेले असते की खरे वाटू लागते. या पुस्तिकेला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. बाथरूमच्या भिंतीवर रंग उत्तम टिकतो, फक्त तो लावण्याआधी त्या भिंतीत पाणी कुठून येते आणि कुठून बाहेर जाते, हे पाहावे लागते. बहुतेक घरांत एवढीच एक पायरी गाळलेली असते.

आधी या कामाचा आकार किती, तो पाहू. चार फूट बाय सहा फुटांचे बाथरूम, उंची नऊ फूट, टाइल्स दाराच्या उंचीपर्यंत म्हणजे सात फूट. नाशिकच्या फ्लॅटमध्ये हे नेहमीचे माप. चारही भिंतींची मिळून लांबी वीस फूट, वर उरलेला पट्टा दोन फुटांचा, म्हणजे चाळीस चौरस फूट. छताचे चोवीस. एकूण रंगकाम चौसष्ट चौरस फूट. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांना साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट निघतात. म्हणजे एक लिटरचा डबाही पुरून उरतो. जुन्या घरात टाइल्स चार फुटांपर्यंतच असतील, तर हेच काम सव्वाशे चौरस फुटांच्या घरात जाते, तरी फार तर दीड लिटर. घरातली सर्वांत छोटी खोली सर्वांत भारी रंगाने रंगवली, तरी हॉलच्या एका भिंतीएवढाही खर्च येत नाही. तिलाच उरलासुरला रंग का मिळावा, हा प्रश्न निदान हिशेबाच्या वहीत तरी सुटत नाही.

आता दिवाळीचा मुहूर्त. तो चुकीचा आहे, असे म्हटले तर घरातली ज्येष्ठ मंडळी रागावतील. पण तो मुहूर्त बांधला होता चुन्यासाठी. दरवर्षी पावसाळा सरला की भिंतींना चुन्याची सफेदी करायची, ही रीत चुन्याच्या गुणधर्माशी तंतोतंत जुळणारी होती. चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ती कळी पाण्यात विझवली की फसफसून चुना होतो. हा चुना भिंतीवर चढला की हवेतला तोच वायू परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड बनतो. या क्रियेला थोडा ओलावा लागतोच. पावसाळ्यानंतरची किंचित दमट भिंत ही चुन्याची अडचण नव्हती, सोय होती. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीला जगता येत नाही. काही महिन्यांनी तो गुण ओसरतो, तोवर पुढची दिवाळी आणि पुढचा हात आलेला असतो. दरवर्षीची सफेदी शोभेसाठी होतीच, पण तिच्या पोटात बुरशीचा वार्षिक बंदोबस्तही होता.

पुढे डब्यात चुन्याच्या जागी प्लास्टिक पेंट आणि ऑइलपेंट आले, मुहूर्त मात्र तोच राहिला. चार महिने पाणी प्यालेली सिमेंटची भिंत आश्विनात वरून कोरडी दिसते, आतून नसते. तिच्यावर पाणी अडवणारा रंग लावला की आतला ओलावा आतच कोंडतो आणि मार्ग काढताना रंगाला घेऊन बाहेर पडतो. ऑइलपेंटच्या बाबतीत तर आणखी गंमत होते. सिमेंटचा गिलावाही अल्कधर्मी. त्यात ओल असेल तर रंगातले तेल आणि भिंतीतला क्षार एकत्र येऊन भिंतीवर अक्षरशः साबण तयार होतो. बोट लावले की रंग चिकट, मऊ लागतो, तो यामुळे. साबणाची जागा साबणदाणीत, भिंतीत नव्हे. पण हा साबण या प्रस्तावनेत आणखी दोनदा भेटणार आहे आणि त्यातल्या एका ठिकाणी तो चक्क उपकारक ठरतो.

म्हणून नाशिकच्या हवेत बाथरूम रंगवण्याचा खरा काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो; तासाभरावरच्या इगतपुरीत तोच आकडा तीन हजारांच्या पुढे जातो, तेव्हा तिकडच्या घरांनी आणखी महिनाभर थांबलेले बरे. एक पथ्य मात्र हवे. थंडीत नाशिकचा पारा पहाटे दहा अंशांच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली, आणि बहुतेक इमल्शन रंग दहा अंशांखाली नीट जमत नाहीत. ब्रश सकाळी अकराला हातात घ्यावा आणि चारला धुऊन ठेवावा.

नाशिकमध्ये बाथरूमच्या भिंती मुख्यतः तीन पिढ्यांच्या सापडतात, आणि प्रत्येकीचे औषध वेगळे.

सर्वांत जुनी पिढी गोदाकाठच्या वाड्यांची. सरकारवाडा, सराफ बाजार, भांडी बाजार, पलीकडे पंचवटी या भागांत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांत मुळात बाथरूम नव्हते; मोरी होती किंवा मागच्या चौकात न्हाणी होती. खाली काळ्या दगडाची फरशी, कडेला हातभर उंचीचा कठडा, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि शेजारी घंगाळ. तांब्या-पितळेसाठी नावाजलेल्या या गावात बंब ही न्हाणीची खरी शोभा होती; भिंतीकडे कोण पाहणार! भिंत दगड-विटांची, चुन्यात बांधलेली, वर चुन्याचा गिलावा. हा चुना घाण्यात मळला जाई: गोल चरात बैल दगडी चाक फिरवत आणि वाळू-चुन्याच्या मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे काही ना काही पडे. बंबाच्या धुराने भिंत काळवंडे, दिवाळीला पुन्हा पांढरी होई. त्या सफेदीत चिमूटभर नीळ टाकायची, कुठे पिवडी मिसळायची आणि जमिनीलगत कावेचा तांबडा पट्टा ओढायचा. रंगांची ही सगळी पेटी वाण्याच्या दुकानात मिळत होती.

या भिंतींनी गोदावरीचे पूर पाहिले आहेत. १९६९चा, २००८चा, २०१६चा. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अवयवाला पाणी लागले यावर शहर पुराची उंची मोजते. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरते तसे ते हळूहळू बाहेरही पडते. त्याच भिंतीवर मधल्या काळात कोणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल, किंवा ऑइलपेंटचे चार-पाच थर दिले असतील, तर पाणी आत कोंडते, वर चढते आणि सुकताना सोबतचे क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. यालाच भिंतीला लोणा लागला म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीवर कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही किमतीचा वॉटरप्रूफ रंग लावला तरी तो हरतो. वाड्यातल्या न्हाणीवर एकच इलाज चालतो: सिमेंट आणि ऑइलपेंट खरवडून काढणे, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवणे आणि पुन्हा चुना. हे ऐकून घरमालकांचे चेहरे पडतात. पण हाच इलाज सर्वांत स्वस्तही आहे.

दुसरी पिढी सिमेंटची. १९२५ नंतर नाशिकरोडला नोटा आणि तिकिटांच्या छापखान्यांची वसाहत उभी राहिली, १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा विमान कारखाना आला, एकलहऱ्याला वीज केंद्र झाले. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी माणसे आणली आणि त्यांच्यासाठी सिडकोने नवीन नाशिकमध्ये एकामागून एक सहा योजना बांधल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा शहराचा चेहरा असा क्वार्टर आणि छोट्या घरांचा होता. या घरांतले बाथरूम म्हणजे खाली कोबा किंवा शहाबादी फरशी, भिंतीला तीन-चार फुटांपर्यंत घोटलेले सिमेंट किंवा सहा इंची पांढऱ्या टाइल्स, वर डिस्टेंपर. जिथे टाइल्स परवडत नव्हत्या तिथे खालच्या भागाला हिरवा किंवा तपकिरी ऑइलपेंट आणि त्याच्या वरच्या कडेला दोन बोटांची गडद रेघ. शाळा, दवाखाना, कचेरी आणि क्वार्टर यांना जोडणारी ही रेघ एका पिढीच्या डोळ्यांत इतकी बसली आहे की पुढे स्वतःचे घर झाल्यावर तिने पहिल्यांदा तीच पुसली. खरे तर ती योजना शहाणी होती: पाणी उडते तिथे धुता येणारा थर, पाणी उडत नाही तिथे भिंतीला मोकळीक. रंग तेवढे उदास होते. आज तेच विभाजन ठेवून खाली निळसर राखाडी किंवा कावेच्या जवळ जाणारा तांबडा आणि वर उबदार पांढरा लावला, तर क्वार्टरची आठवणही येत नाही.

तिसरी पिढी टाइल्सची. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात सिमेंटच्या नक्षीदार फरश्या काढल्या. जॉन्सनच्या चकचकीत टाइल्स १९५८ पासून देशात बनू लागल्या. आणि गेल्या काही दशकांत गुजरातच्या मोरबीने टाइल इतकी स्वस्त केली की बिल्डरला भिंत रंगवण्यापेक्षा मढवणे सोयीचे वाटू लागले. त्यातून इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव, कुठेही जा, एकच बाथरूम दिसते: बदामी टाइल, मधून तपकिरी फुलांची एक आडवी पट्टी, वर पांढरा. वाईट काहीच नाही, आणि लक्षात राहावे असेही काही नाही. या पुस्तिकेचा बराचसा भाग याच बाथरूमसाठी लिहिला आहे, कारण तोडफोडीचा मोह इथेच सर्वांत जास्त होतो.

तोडफोड का टाळायची? राडारोडा गोण्यांत भरून तीन जिने उतरवावा लागतो, हे एक कारण. त्याहून मोठे कारण फरशीखाली असते. फ्लॅटच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा करून पाणी अडवलेले असते. भिंतीच्या खालच्या टाइल्स हातोड्याने काढताना भिंत आणि फरशी यांचा तो सांधा दुखावला की पाणी खालच्या घराच्या छतात उतरते. मग प्रकरण रंगाचे राहत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे असते. संडास-बाथरूममधून होणारी घरातली गळती ज्याची त्याने स्वतःच्या खर्चाने काढायची. धड असलेल्या भिंतीला हातोडा लावण्याआधी हे कलम एकदा वाचावे.

आता भिंत वाचण्याविषयी. ओल तीन प्रकारे येते आणि तिन्ही वेगळ्या ओळखता येतात. पहिली वाफेची: गरम पाण्याची वाफ थंड छताला लागते आणि तिचे थेंब होतात. काळे ठिपके छताच्या कोपऱ्यांत, खिडकीपासून लांब, पसरट दिसतात. दुसरी गळतीची: डाग एका जागी, बहुधा तपकिरी कडेचा, ऋतू कुठलाही असो कायम ओला. तिसरी बाहेरच्या भिंतीतून झिरपणारी, जी पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात नाहीशी होते. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतून. पहिल्या उत्तरासाठी प्लंबर किंवा गवंडी लागतो, दुसऱ्यासाठी हवा. रंगारी यानंतर येतो.

हवेचा मुद्दा कोणी मनावर घेत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराला किमान १.८ चौरस मीटर जागा आणि बाहेरच्या हवेशी जोडलेली किमान ०.३७ चौरस मीटरची उघडी खिडकी सांगितली आहे. ही खिडकी बहुतेक फ्लॅटमध्ये डक्टात उघडते आणि तिच्या काचेच्या पट्ट्या थंडीच्या, झुरळांच्या किंवा शेजाऱ्यांच्या कारणाने कायमच्या बंद असतात. काही घरांत त्यांना वर्तमानपत्रही चिकटवलेले असते. अशा खोलीत बुरशीरोधक रंग हा तात्पुरता उपाय. एक छोटा एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतर वीस मिनिटे चालू ठेवला, तर तो कुठल्याही रंगापेक्षा जास्त काम करतो.

खरवडणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. रंगारी पत्र्याने सुटलेले पोपडे काढतो आणि चिकटून राहिलेले तसेच ठेवतो. तेही चालते, जर कडा घासून सपाट केल्या तर. पण घर जुने असेल, तर ऑइलपेंट कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे भरपूर असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. भिंत ओली करून घासावी, मास्क लावावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांपुरते दुसऱ्या घरी पाठवावे. काळे ठिपके ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने पुसावेत. आणि एक गोष्ट ठळक सांगायला हवी: संडास धुण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बाथरूम ही तो हुंगायला जगातली सर्वांत वाईट जागा आहे.

त्यानंतर लांबी. हॉलमध्ये वापरतात ते पीओपी किंवा अॅक्रेलिक लांबी बाथरूममध्ये आणू नये. पीओपी म्हणजे जिप्सम आणि जिप्सम पाण्याने मऊ पडते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालते, तीही पातळ. मग क्षाराला दाद न देणारा प्रायमर, त्याचा एक हात, आणि रंगाचे दोन. नवा गिलावा असेल तर किमान महिनाभर थांबावे. पांढऱ्या ऑइलपेंटचा मोह टाळावा. अंधाऱ्या खोलीत तो लवकर पिवळा पडतो. बुरशीरोधक, धुता येणारे, किंचित तकाकीचे अॅक्रेलिक इमल्शन हे बहुतेक बाथरूमसाठी रास्त उत्तर आहे.

टाइल्स रंगवता येतात का, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो. येतात, पण अटींवर. पहिली अट स्वच्छतेची, आणि इथे तो साबण दुसऱ्यांदा भेटतो. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम आणि अंगाचा साबण यांच्या संयोगातून न विरघळणारा पांढरट थर तयार होतो आणि वर्षानुवर्षे टाइलवर साचतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, दिसतही नाही. पण त्यावर लावलेला रंग नखाने सोलून निघतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो काढावा, टाइल धुऊन दोन दिवस कोरडी होऊ द्यावी, बारीक पॉलिश पेपरने तिची चकाकी मारावी, मग टाइलला धरून ठेवणारा खास प्रायमर आणि दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी रंग. त्यानंतर आठवडाभर त्या भिंतीवर पाणी उडू द्यायचे नाही, म्हणजे घरात दुसरे बाथरूम हवे किंवा सहनशील शेजारी. एवढे करूनही नळाखालची आणि बादलीजवळची जागा आधी उडते. फरशी तर रंगवूच नये. उलट टाइल्स धड असतील, तर नुसते काळे पडलेले सांधे खरवडून त्यांत एपॉक्सी ग्राउट भरले तरी बाथरूम ओळखू येत नाही. एपॉक्सी पाणी शोषत नाही, त्यामुळे पुन्हा काळेही पडत नाही. ज्यांना एकच काम करायचे आहे त्यांनी हे करावे.

रंगापलीकडच्या सोप्या भिंतीकामांत सध्या पीव्हीसी पॅनेलचा सुळसुळाट आहे. एका दुपारी भिंत झाकते, संगमरवरासारखी दिसते. पण झाकलेली ओल वाढतच राहते आणि पॅनेलमागची पोकळी झुरळांना फार आवडते. कोरड्या भिंतीवर, वॉशबेसिनमागे, छोट्या भागात ते चालेल. लाकडी पट्ट्यांची हौस असेल तर आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय घ्यावे, सर्व कडा रंगाने बंद कराव्यात आणि आंघोळीच्या जागेपासून दूर ठेवावे. वॉलपेपरविषयी या पुस्तिकेत प्रकरण नाही. नाशिकच्या पावसाळ्यात त्याची कड उचलली जाते, एवढेच पुरे.

खरी मजा चुन्याकडे परतण्यात आहे. मोरोक्कोतल्या मराकेशच्या हमामांत भिंतींना टॅडेलाक्ट नावाचा चुन्याचा थर देतात. तो दगडाने घोटून गुळगुळीत करतात आणि मग त्यावर ऑलिव्ह तेलाचा साबण चोळतात. इथे साबण तिसऱ्यांदा येतो: चुना आणि साबण मिळून तोच न विरघळणारा पदार्थ होतो, पण या वेळी भिंतीची रंध्रे भरून पाण्याला बाहेर ठेवतो. एकच रसायन ऑइलपेंटखाली भिंत बिघडवते, टाइलवर मळ होते आणि हमामात कवच होते. भारतातही हे कसब होते. राजस्थानच्या हवेल्यांत अकीक दगडाने घोटलेली आराईश, चेट्टिनाडच्या घरांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाने आरशासारखा केलेला चुना, आणि आपल्या जवळचे म्हणजे कोकण-गोव्यातले कावी काम. पांढऱ्या चुन्यावर लाल मातीचा थर देऊन तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडायचा, की खालचा पांढरा नक्षी बनून वर येतो. रंग भिंतीवर नसून भिंतीतच असल्यामुळे पोपडा सुटायचा प्रश्न नाही. असे काम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात. पण वॉशबेसिनमागच्या तीन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर घोटीव चुन्याचा प्रयोग करायला धीट माणूस आणि चार मोकळे रविवार पुरतात.

नक्षीचा विषय निघाला की नाशिकमध्ये वारलीचे नाव येणारच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांच्या पश्चिमेला वारलींची वस्ती आहे आणि पलीकडे डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणून जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा, हे मूळ तंत्र. बाथरूममध्ये तांदळाचे पीठ म्हणजे बुरशीला आमंत्रण, तेव्हा रेषा पांढऱ्या अॅक्रेलिकची काढावी आणि पाणी उडत नाही अशा वरच्या पट्ट्यात. त्यातही एक भान हवे. लग्नातला चौक, ज्यात पालघाट देवी बसते, हे वारलींचे पूजेचे चित्र आहे. ते संडासाच्या भिंतीवर काढणे असभ्यपणाचे. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फिरणारे नाचे, झाडे, पाखरे, मासे यांतून हवे ते घ्यावे. हेही नको असेल तर येवल्याच्या पैठणीचा काठ समोर धरून आसावलीच्या वेलीचे एक स्टेन्सिल जाड प्लास्टिकमधून घरी कापता येते. हे काम शाळकरी मुले मोठ्यांपेक्षा नीट करतात.

छटा निवडताना शेडकार्ड हॉलच्या उन्हात पाहू नये. बाथरूममध्ये नेऊन, दार लावून, तिथल्याच दिव्याखाली पाहावे, कारण सकाळी सहाची आंघोळ त्याच उजेडात होते. लहान खोलीत चारही भिंतींचे रंग एकमेकांवर पडतात आणि कार्डावरचा फिका पिस्ता प्रत्यक्षात गडद होतो. छोट्या जागेला पांढराच रंग हवा, हा समज मात्र सोडून द्यायला हरकत नाही. छत गडद निळे आणि भिंती पिवडीच्या जवळच्या पिवळसर पांढऱ्या केल्या तर चार बाय सहाची खोली लहान वाटत नाही. ठिपकेही कमी दिसतात, हा वरचा नफा.

पुढची प्रकरणे भिंतीच्या वयाप्रमाणे लावली आहेत, सौंदर्याच्या क्रमाने नाही. वाड्यात राहणाऱ्यांनी चुन्याचे प्रकरण आधी वाचावे, सिडकोतल्या घरांनी कोबा आणि ऑइलपेंटचे, फ्लॅटवाल्यांनी ग्राउटचे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी शेवटचे प्रकरण वेगळे आहे: त्यात टाइलला हात लावलेला नाही, फक्त वरचा पट्टा, छत आणि दाराची आतली बाजू रंगवली आहे, आणि हे करण्याआधी मालकाला फोन करायला सांगितले आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. गोदाकाठची घरे पाहुण्यांनी भरतील आणि सर्वांत जास्त वर्दळ याच खोलीत होईल, तेव्हा ज्यांना त्याआधी काम उरकायचे आहे त्यांनी खरवडण्याचे प्रकरण या हिवाळ्यातच उघडावे.